चौकीला आधार देणारं बांधकाम

आमच्या घराचं छत कधी एकदम पडलं नाही. एकदम पडलं असतं तर निदान पेपरात फोटो आला असता आणि कुणीतरी मोठा माणूस येऊन बघून गेला असता. ते रोज थोडं थोडं पडायचं. सकाळी बशीएवढा पापुद्रा, दुपारी वाटीभर रेती, आणि एखाद्या आठवड्यात पोळपाटाएवढा तुकडा. करावे गावाच्या पलीकडे, खाडीच्या काठाला सरकारी खात्याने गरिबांसाठी म्हणून ज्या चार मजली इमारती बांधल्या होत्या, त्यातल्या अगदी शेवटच्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्ही राहत होतो. खारं वारं आतल्या सळ्या खायचं, सळ्या फुगल्या की प्लॅस्टर सुटायचं, आणि सुटलं की खाली आम्ही असायचो. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की मी पुढे लग्न होऊन पक्क्या घरात गेले तेव्हा पहिले काही महिने शांततेनेच दचकायची.

आईने या सगळ्यावर संसार बेतला होता. भांड्यावर झाकण, झाकणावर ताट, ताटावर वरवंटा. पोळ्या लाटताना ती मान किंचित पुढे काढायची, म्हणजे जे पडेल ते पाठीवर पडावं, कणकेत पडू नये. जेवायला बसायच्या जागा वयावरून नाही, छताच्या तब्येतीवरून ठरायच्या. बाबा न्हावा शेवा बंदरात जकात भरून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटकडे कारकून होते. कामाच्या जागी घालायचं पिवळं हेल्मेट त्यांनी साहेबाला सांगून घरी आणलं होतं, आणि ते मोरी-संडासाच्या दाराबाहेर खिळ्याला टांगलेलं असायचं, कारण तिथलं छत सर्वांत वाईट होतं. आत जाणाऱ्याने ते घालायचं, बाहेर येणाऱ्याने परत अडकवायचं. आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना आधी पाण्याचा तांब्या मिळायचा आणि मग हेल्मेटची माहिती. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे.

विचित्र वाटलं ते माझ्या ताईच्या सासूबाईंना. विजूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कऱ्हाडला दिलेली. तिला दिवस गेल्याची बातमी द्यायला विहीणबाई पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतः आल्या होत्या. आईने साजूक तुपातला शिरा केला, वर बेदाणे पेरले, आणि विहीणबाईंनी पहिला घास उचलायच्या आत छताने बशीत आपला हिस्सा टाकला. त्यांनी बशी बाजूला ठेवली, हात धुवायला म्हणून उठल्या, तेव्हा मी सवयीने त्यांच्या हातात हेल्मेट दिलं. काठापदराची साडी, नाकात नथ आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट अशा त्या जेव्हा बाहेर आल्या तेव्हा त्यांचं ठरलेलं होतं. निघताना आईचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "विहीणबाई, राग मानू नका. पण पोरीला बाळंतपणाला इथं नाही पाठवायची मी."

पहिलं बाळंतपण माहेरी. आमच्यात हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. आईने त्यासाठी साड्या फाडून दुपटी शिवायला काढली होती, डिंक कुठल्या दुकानातून आणायचा हे ठरवलं होतं. त्या दिवशी तिने तो शिवणाचा गठ्ठा परत बांधून ठेवला. एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "लेकीला टेकायला एक भिंत देता येत न्हाई, मग आई कशाला म्हनायचं मला?" मी तेव्हा अकरावीत होते आणि असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं वय नव्हतं.

बाबा घरबांधणी खात्याच्या ऑफिसात खेटे घालत होते. तिथला कारकून भला माणूस होता. तो दर वेळी चहा पाजायचा आणि सांगायचा की दुरुस्तीच्या शीर्षाखाली यंदा पैसे नाहीत. पुढच्या वर्षी असतील का, याचं उत्तर त्याच्याकडे पुढच्या वर्षीच मिळणार होतं.

अशात एक दिवस गच्चीवर माणसं चढली. टेप, दुर्बीण, नकाशे. समुद्रातून देशाला धोका आहे असं तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं, आणि खाडीच्या तोंडावर नजर ठेवायला सरकारला उंच जागा हवी होती. आमच्या गच्चीवरून खाडी उघड्या तळहातासारखी दिसायची. तीन आठवड्यांत चौकी उभी राहिली. दहा बाय दहाची खोली, जाड काचा, फिरता दिवा, लोखंडी जिना, आणि चौकीच्या खाली, आतल्या यंत्रांना ओल लागू नये म्हणून, परदेशी डांबराचा थर. बाबांनी बॅरलवरचं नाव वाचलं आणि हळहळले. तो माल त्यांनी स्वतःच बंदरातून सोडवलेला होता. पुढे पाऊस आला तेव्हा कळलं की पूर्ण इमारतीत एकच जागा कोरडी आहे. चौकीच्या बरोबर खाली येणारं आमचं स्वयंपाकघर.

मग काय विचारता. पंधरा बिऱ्हाडांनी आपापलं जे जपायचं ते आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. दाखले, रेशनकार्डं, पापडांचे डबे, लग्नाचे शालू, तळमजल्यावरच्या मास्तरांची हार्मोनियम. आई हार्मोनियमवर पीठ चाळायची. दुपारी बायका आपापली कणीक घेऊन यायच्या आणि आमच्या ओट्यावर रांगेने पोळ्या लाटायच्या. तेवढ्या दहा फुटांत देश सुरक्षित होता आणि आम्हीही. पण तिथे बाळंतिणीची खाट मावणार नव्हती, हे आईला रोज दिसत होतं.

चौकीवर शेळके नावाचे हवालदार असायचे. नगरकडचे, बारीक, कपाळाला कायम आठी. दिवसभर दुर्बिणीतून बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं: इतक्या होड्या बाहेर गेल्या, इतक्या परत आल्या, फरक शून्य. संध्याकाळी फरक शून्य आला की ते सही करून उठायचे. आमच्याकडे मासे घेऊन येणारी करावे गावची पारूबाय त्या चौकीकडे बघून हसायची. आईला म्हणायची, "खाडीन कोन आला नं कोन गेला, ता आमाला इचारा. आमी रोज तिथंच हाव." पण तिला विचारणं कुठल्याच शीर्षात बसत नव्हतं. शेळके दुपारी पाणी प्यायला आमच्या स्वयंपाकघरात उतरायचे, उभ्या उभ्या भाकरी खायचे, आणि छताकडे बघून दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, की हे काम फारच चांगलं झालंय.

एका रविवारी सकाळी चौकीचा बडा अधिकारी रहिवाशांना सतर्कतेचे धडे द्यायला आला. गच्चीवर सतरंजी घातली होती. अनोळखी होडी दिसली तर काय करायचं, बेवारस पेटी दिसली तर काय करायचं, हे त्याने नीट समजावून सांगितलं. तो काही वाईट माणूस नव्हता, आणि पहारा नको असं आमच्यापैकी कुणीच कधी म्हटलं नाही. समुद्रातून काय येऊ शकतं हे खाडीपलीकडच्या शहराने भोगलेलं होतं. शेवटी त्याने विचारलं, काही शंका? आई उठली. माझी आई चारचौघांत कधी बोलायची नाही. तिने पिशवीतून छताचा एक तुकडा काढला, सतरंजीवर त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "साहेब, खाडीतनं कुनी आल्यालं आमी अजून बघितलं न्हाई. ह्यो मात्र रोज येतोय. ह्याच्यावर पहारा कुनी ठेवायचा?"

मास्तर पुटपुटले की देशाच्या सुरक्षेवर प्रश्न विचारू नयेत. अधिकाऱ्याने तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला, त्यातली गंजकी सळी बघितली. मग खरोखर ओशाळून म्हणाला, "बाई, मला कळतंय. पण घरांचं खातं वेगळं. माझ्याकडे पैसे आहेत, नाहीत असं नाही. पण ते चौकी आणि चौकीला आधार देणारं बांधकाम, एवढ्यावरच खर्च करता येतात."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

बाबांचं जन्मभराचं काम एका वाक्यात सांगता येईल: माल तोच असतो, तो कुठल्या हेडिंगखाली दाखवायचा एवढाच प्रश्न असतो. बाहुली खेळणं म्हणून आणली तर जकातीचा एक दर, शाळेचं साहित्य म्हणून आणली तर दुसरा. ते बाजारात गेले तरी भोपळ्याकडे बघून हा कुठल्या हेडिंगमध्ये बसेल याचा विचार करायचे. त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं, आणि अर्ज सांगितला. चौकी गच्चीवर उभी आहे. गच्ची चौथ्या मजल्याच्या भिंतींवर उभी आहे. चौथा मजला तिसऱ्यावर, तिसरा दुसऱ्यावर, असं करत करत आम्ही तळमजल्यावरच्या मास्तरांच्या मोरीपर्यंत पोचलो. सबब, सदर इमारत ही निवासी इमारत नसून चौकीला आधार देणारं बांधकाम आहे, असं घोषित व्हावं. खाली सोळा बिऱ्हाडांच्या सह्या. मास्तरांनीही केली.

सुरक्षेचा पैसा कसा धावतो ते तेव्हा बघितलं. महिन्याभरात परातीएवढी हेल्मेटं घातलेले इंजिनियर आले, छतं फोडली, गंजक्या सळ्या कापल्या, नव्या बांधल्या, वर तोच परदेशी डांबराचा थर दिला. आमची, शेजारच्यांची, सगळ्यांची. कऱ्हाडहून जावईबापू खास तपासायला आले, स्टुलावर चढून काठीने प्रत्येक खोलीतलं छत ठोकून बघितलं, आणि तसं त्यांनी आईला कळवलं, म्हणजे त्यांच्या आईला. विहीणबाईंचं पत्र आलं: सातव्या महिन्याची ओटी भरली की विजूला घेऊन येतो. त्या संध्याकाळी आईने आमटीचं पातेलं उघडं ठेवून दाखवलं. आम्ही सगळे कितीतरी वेळ त्या पातेल्याकडे बघत बसलो होतो.

मग परिपत्रक आलं. आमची इमारत आता संरक्षित बांधकाम होती. जिन्याच्या तोंडाशी टेबल लागलं, टेबलावर रजिस्टर आलं, आणि तिथे शेळक्यांना बसवलं. आम्हा रहिवाशांना फोटोचे पास मिळाले. बाहेरच्या माणसाला वर जायचं तर अर्ज, मुक्काम करायचा तर वरच्या ऑफिसची मंजुरी. बाबांनी परिपत्रक तीनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. सवलतीच्या हेडिंगमध्ये माल घातला की त्या हेडिंगच्या अटीही मालाला चिकटतात, ही गोष्ट ते वीस वर्षं दुसऱ्यांना समजावत आले होते. स्वतःच्या घराच्या वेळी विसरले.

ताईच्या पासासाठी मी बाबांबरोबर वरच्या ऑफिसात गेले होते. खिडकीमागच्या माणसाने अर्ज वाचला आणि विचारलं, मुक्काम किती? चार महिने, बाबा म्हणाले. कारण? बाळंतपण. त्याने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे आत येताना एक व्यक्ती," तो म्हणाला, "आणि बाहेर पडताना दोन?"

"देवाच्या कृपेने," बाबा म्हणाले.

"साहेब, तसं नाही चालणार. संरक्षित जागेत जेवढे गेले तेवढेच बाहेर आले पाहिजेत. फरक शून्य लागतो."

बाबांनी मग आपली सगळी विद्या पणाला लावली. दुसरी व्यक्ती आत येतानाच सोबत आहे, फक्त दिसत नाही, असं ते म्हणाले. खिडकीमागच्या माणसाने मान डोलावली आणि दुसऱ्या व्यक्तीचा वेगळा अर्ज मागितला: नाव, उंची, ओळखीची खूण आणि दोन फोटो. बाबा म्हणाले, फोटो जन्मल्यावर देतो. तो म्हणाला, मग जन्मल्यावरच या. या संवादावर आज माझी मुलं पोट धरून हसतात. त्या दिवशी परतताना रिक्षात बाबा तो अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होते.

मंजुरी आली नाही, ताई आली. मंजुरी मिळेपर्यंत थांबा असं कळवणारं आमचं पत्र पोचायच्या आत ती आणि जावईबापू कऱ्हाडहून निघालेले होते. भर दुपारी गाडीतून ती उतरली, पोट एवढं पुढे आलेलं, चेहरा उन्हाने लाल. जावईबापूंनी बॅग उचलली आणि शेळके टेबलामागून उठून उभे राहिले. त्यांना ताई कोण हे माहीत होतं. तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू त्यांनी आधीच खाल्लेले होते. पण नोकरी त्यांचीही होती. जिना उतरून आलेल्या आईला ते मान खाली घालून म्हणाले, "मंजुरी न्हाई आली, वैनी. माझ्या हातात काय न्हाई."

आईने वाद घातला नाही. तिने वरून खुर्ची आणली, ताईला फुटपाथवर सावलीत बसवलं, आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली. मी वरून पाणी आणलं, मग लाडू, मग वाटीत अळिवाची खीर. इमारतीतल्या बायका एकेक करून खाली आल्या. कुणी उशी आणली, कुणी पंखा, मास्तरांनी छत्री धरली. जावईबापू काय करावं न सुचून सारखे वर आमच्या छताकडे बघत होते. ताईला हसूही येत होतं आणि रडूही. ती म्हणाली, "आई, आपण परत कऱ्हाडला जाऊ का?" तेव्हा आई म्हणाली, "घर माझं हाय. दारातनं परत न्हाई न्यायची तुला. हितंच बाळंत हो, मी बघते."

बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर परिपत्रक घेऊन बसले होते. पान उलटायचे, बोट फिरवायचे, परत पहिल्या पानावर यायचे. आईचं ते वाक्य ऐकलं आणि त्यांनी कागद बाजूला ठेवला. "नाही बसत," ते म्हणाले. "माझी पोरगी कुठल्याच हेडिंगमध्ये नाही बसत." आणि तोंडावर हात घेऊन ते रडले. मी बाबांना त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. मला त्या सरकारचा, त्या टेबलाचा आणि खरं सांगायचं तर बाबांच्या हुशारीचाही इतका राग आला की मी ते रजिस्टर उचलून गटारात टाकायला निघाले होते. शेळक्यांनी ते माझ्या आधी उचललं.

त्यांनी रजिस्टर काखेत मारलं. टेबलाजवळची आपली खुर्ची उचलली, उलट दिशेला फिरवली, खाडीकडे तोंड करून बसले. "माझा मूळ हुकूम खाडीकडं बघायचा हाय," ते म्हणाले. कुणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. "मागं काय चाललंय ते बघायचं आजून लेखी आल्यालं न्हाई." गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि पाठ अजिबात न हलवता बसून राहिले. आम्ही ताईला धरून वर नेलं. सोळा बिऱ्हाडं त्या जिन्यावर आमच्या मागेपुढे होती, आणि एवढ्या गर्दीत कुणाच्या चपलेचाही आवाज येत नव्हता.

ताईला मुलगी झाली. दवाखान्यातून आणताना शेळक्यांनी परत खाडीकडे तोंड केलं. ती मुलगी दोन महिने आमच्या छताखाली वाढली आणि रजिस्टरमध्ये ती कधी आत आली नाही की बाहेर गेली नाही. आता ती बंगळूरला असते आणि घराच्या कर्जाचे हप्ते भरते. चौकी पुढे दुसरीकडे हलली, इमारतही पाडली. तिथे आता काचेचे मनोरे आहेत आणि वरच्या मजल्यावरचे लोक खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात. ते छत मात्र पाडायला जड गेलं, असं कंत्राटदार सांगत होता.

एक गोष्ट राहिली. बारसं झाल्यावर दोन दिवसांनी शेळके वर आले. ड्युटी संपलेली होती, अंगावर साधा शर्ट होता. आईने दिलेली घुगऱ्यांची वाटी त्यांनी संपवली. मग बाबांना म्हणाले, की त्यांना एक अर्ज लिहून हवा होता. त्यांचं बिऱ्हाड सरकारी लाईनीत, एकच खोली, छत आमच्या आधीच्या छतासारखंच. तुकडा पडून बायकोच्या हाताला लागलं, तेव्हापासून ती दोन पोरं घेऊन गावी माहेरीच होती. दुरुस्तीच्या शीर्षात पैसे नव्हते. "तुमाला जमलं तसं आमाला पन बसवा कशात तरी," ते म्हणाले.

बाबांनी लगेच मला कागद आणायला सांगितला, चष्मा लावला आणि पेनाचं टोपण काढलं. जुना उत्साह आलेला मला दिसला. त्यांनी विचारलं, "तुमच्या लाईनीच्या गच्चीवरून काय दिसतं?"

शेळक्यांनी नीट आठवून बघितलं. रोज बघायचं काम करणारा माणूस, त्यांना उगाच काही सांगायचं नव्हतं.

"घरं दिसतात, साहेब," ते म्हणाले. "नुसती घरंच हायेत तिकडं."

बाबांनी पेनाला टोपण परत लावलं.

"मग नाही बसणार," ते म्हणाले.